कड्यावरचे एक अंडे

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघाले की डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर लागतो. हनुमंताचा जन्म इथलाच, असे लोक मानतात. वर अंजनीमातेचे देऊळ आहे. माणसे जात-येत असतात. पायऱ्या चढताना सगळ्यांचे लक्ष पायांकडे. मान वर करून कड्याकडे कोण बघतो? पण कधी गेलात तर घटकाभर थांबा आणि बघा. काळ्या कातळावर जागोजागी चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ दिसतील. तो चुना नव्हे. वर कपारीत गिधाडे बसतात, तिथेच त्यांची घरटी असतात. ते ओघळ त्यांच्या शिटेचे.

असे पांढरे डाग सह्याद्रीच्या पुष्कळ कड्यांवर पूर्वी असत. आता कित्येक कडे पावसाने धुऊन कोरे झाले आहेत. ओघळ नाही, म्हणजे वर बिऱ्हाड नाही. हे बिऱ्हाड कशाने मोडले, आणि मोडलेले पुन्हा मांडायला इतका वेळ का लागतो, ते आज आम्ही सांगणार आहोत. त्यात तुमच्या आमच्या गोठ्याचाही संबंध आहे.

गिधाड म्हटले की आपण नाक मुरडतो. कोणी दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवून असला की म्हणतो, "बसलाय बघ गिधाडासारखा टपून." घरावर गिधाड बसले तर अपशकुन मानणारी माणसेही आहेत. पण रामायणातल्या जटायूची गोष्ट निघाली की हीच माणसे हात जोडतात. जटायू कोण? गिधाडच की! इगतपुरी तालुक्यात टाकेद नावाचे तीर्थ आहे. रावणाने पंख छाटल्यावर जटायू तिथे पडला आणि रामाने त्याला तिथेच पाणी पाजले, अशी लोकांची श्रद्धा आहे. जटायूला नमस्कार आणि गिधाडाला दगड, हा न्याय काही आम्हाला समजत नाही.

खरे तर पाखरू सालस आहे. घारीसारखी झडप घालून ते कोंबडीचे पिल्लू नेत नाही. त्याच्या नखांत शिकार धरून ठेवायची ताकदच नाही. मेलेले जनावर खाणे हेच त्याचे पोट. मान बिनपिसांची असते, त्यालाही कारण आहे. जनावराच्या पोटात मान घालून खायचे, तर पिसे रक्ताने चिकटून जातील. म्हणून मानेवर नुसती विरळ लव. त्याच्या पोटातला रस इतका जहाल असतो, की सडलेले मांस त्याला बाधत नाही. माणसांना आणि गुरांना ज्या रोगांची भीती, त्यांचे पुष्कळ जंतू त्या रसात मरून जातात.

त्र्यंबक भागातल्या एका वाडीत आम्ही एका म्हाताऱ्या बाबांकडे बसलो होतो. त्यांनी जन्मभर गुरे राखली. ते सांगत होते, "आमच्या वक्ताला बैल मेला का गावाबाहेर नेऊन टाकायचा. आभाळात एक ठिपका दिसायचा. मंग दोन. मंग मोजता येयाचे न्हाईत. घरी येऊन पाणी प्यायलो का तिकडं नुसता सापळा." बाबांनी वाढवून सांगितले असेल असे कोणाला वाटेल. पण मोठा थवा उतरला तर बैलाचे मांस तासाभरात संपते, हे खरेच आहे.

इतक्या लांबून त्यांना कळते कसे? वासाने नव्हे, नजरेने. सकाळी ही पाखरे लवकर उडत नाहीत. दहाच्या सुमाराला ऊन तापते, कातळ तापतो आणि गरम हवा वर चढू लागते. त्या हवेवर पंख पसरून ती गोल गोल वर जातात. पंख न हलवता तरंगत राहतात. दोन्ही पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सात फूट भरतील. वरून ती जमीन बघतात आणि एकमेकांनाही बघतात. एक खाली उतरले की दुसऱ्याला कळते, दुसऱ्याचे तिसऱ्याला. म्हणून एका बैलावर पाच-पंचवीस कोसांवरची गिधाडे जमतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिच्यामुळेच घात झाला.

आता त्यांचा संसार बघू. आपल्याकडे मुख्यतः दोन जातींची गिधाडे घरटी करतात. एक पांढऱ्या पाठीचे. ते उंच झाडावर घर करते, कोकणात त्याची घरटी आढळतात. दुसरे लांब चोचीचे. ते डोंगराचे पाखरू. सरळ तुटलेल्या कड्यात ओट्याएवढी जागा असली, वरून थोडी सावली असली, की त्याला पसंत. तिथे साप चढत नाही, बिबट्या पोचत नाही, माणूस तर नाहीच नाही. एका कड्यावर शेजारी शेजारी अशी पुष्कळ बिऱ्हाडे असतात. आपल्या वाडीसारखीच वाडी म्हणा ना!

दिवाळीच्या सुमारास नर आणि मादी जोडीने उडू लागतात. एक वर, एक खाली, जणू एका दोरीला बांधलेली. नर कोणता आणि मादी कोणती हे बघून ओळखता येत नाही, दोघे दिसायला सारखेच. जमलेली जोडी सहसा मोडत नाही, आणि कपारही पुष्कळदा गेल्या वर्षीचीच असते. जुन्या घरट्यावर नव्या काड्या घालतात. आत पाला घालतात, लोकर किंवा चिंधी मिळाली तर तीही आणतात. घरटे काही देखणे नसते. सुगरणीने बघितले तर हसेल.

आणि मग मादी अंडे घालते. एक. वर्षाला एकच.

आपली गावठी कोंबडी एका खेपेला दहा-बारा अंडी घालते. वर्षातून दोन-तीनदा खुडूक बसते. मुंगसाने चार पिल्ले नेली तरी घरधनीण म्हणते, जाऊ दे, पुढल्या खेपेला होतील. गिधाडाला पुढली खेप म्हणजे पुढले वर्ष.

कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते. गिधाडाच्या अंड्यावर सुमारे ५० दिवस बसावे लागते. मादी एकटी बसत नाही. नर आणि मादी पाळीपाळीने बसतात. एक बसले की दुसरे चरायला जाते. थंडीच्या दिवसांत कड्यावर वारा कसा सुटतो, ते डोंगरातल्या माणसांना सांगायला नको. अंडे उघडे पडले तर गार होऊन वाया जाते, नाहीतर कावळा टपलेला असतोच. म्हणून कोणीतरी बसायलाच हवे.

पौष-माघात पिल्लू बाहेर येते. अंगावर नुसती लव, मान धरता येत नाही. आईबाप खाऊन आलेले मांस गळ्याखालच्या पिशवीतून वर काढून त्याच्या चोचीत देतात. साडेतीन-चार महिने हे असे चालते. पिल्लाला पंख फुटतात, ते ओट्याच्या कडेला उभे राहून पंख हलवून बघते, पुन्हा मागे सरते. अखितीच्या सुमाराला एखाद्या दिवशी ते स्वतःला खाली सोडून देते. खाली पाचशे फूट काही नाही. उडायला शिकायची दुसरी जागाच नाही त्याला! उडाले तरी काही दिवस ते आईबापांच्या जिवावरच असते.

दिवाळी ते अखिती. म्हणजे सहा महिने दोन पाखरे राबतात, तेव्हा एक पिल्लू उडते. आणि ते उडाले म्हणजे झाले असेही नाही. त्याला स्वतःचे अंडे घालायला साधारण पाच वर्षे लागतात.

जरा हिशेब मांडू. समजा, एका कड्यावर २० जोड्या आहेत. २० अंडी झाली. काही गार पडली, काही पिल्ले कमी पडलेल्या खाण्याने गेली, एखादे वाऱ्याने खाली आले. दहा पिल्ले उडाली म्हणू. त्यांतली पाच मोठी होऊन कड्यावर परतली. तोवर तीन-चार म्हातारी पाखरे मेली. शिल्लक किती? वर्षाला एक किंवा दोन. निसर्गाने हा हिशेब असा ठेवला, कारण मोठे गिधाड सहसा मरत नाही. त्याला मारणारे जनावर रानात जवळपास नाही. पुष्कळ वर्षे जगायचे आणि सावकाश वाढायचे, अशी त्याची रीत. हजारो वर्षे ती रीत चालली.

मग १९९० नंतर गिधाडे मरू लागली. एका गावात नाही, साऱ्या देशात. झाडावर बसलेले पाखरू मान खाली टाकून बसायचे, दिवस दोन दिवस तसेच, आणि मग खाली पडायचे. राजस्थानात भरतपूरचे पक्ष्यांचे रान प्रसिद्ध आहे. तिथे शेकडो घरटी होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही मुंबईची जुनी संस्था. तिचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश तिथे मोजणी करत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत ती घरटी ओस पडली. पुढे साऱ्या देशाची मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची हजारांत एखादे उरले. लांब चोचीची शंभरांत तीनच उरली. एवढा मोठा पक्षी इतक्या झपाट्याने संपल्याचे उदाहरण जगात फारसे नाही.

आधी वाटले, काही साथ आली असेल. मेलेली पाखरे कापून बघितली तर आत मूत्रपिंडावर आणि काळजावर पांढरा चुन्यासारखा थर. म्हणजे मूत्रपिंड निकामी झाले होते. पण कशाने? बरीच वर्षे कळेना. शेवटी पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी कारण शोधले. २००४ साली त्यांनी ते जगापुढे मांडले. कारण होते एक औषध. नाव डायक्लोफेनॅक.

हे नाव ऐकलेले वाटते ना? आपलेच सांधे दुखले, कंबर धरली, तर या औषधाची गोळी किंवा सुई मिळते. १९९० नंतर ते गुरांनाही देऊ लागले. बैल लंगडू लागला, खांदा सुजला, गाईची कास दुखू लागली, की एक सुई. स्वस्त औषध आणि गुण लवकर. शेतकऱ्याने ते आनंदाने घेतले, त्यात त्याची काय चूक? पेरणी तोंडावर आली असताना बैल बसला तर माणूस काय करणार? कोणाच्या मनात पाखरे मारायचे नव्हते.

पण जनावर सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांत मेले, तर ते औषध त्याच्या अंगात उरलेले असते. असे जनावर माळावर टाकले, की आभाळातला ठिपका खाली येतो. मग दुसरा. मग तिसरा. पाच-पंचवीस कोसांवरची पाखरे एका पंगतीला बसतात. गाईला जे औषध मानवते, ते गिधाडाला विष होते. शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा तेही चकित झाले. शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावरांत औषध असले, तरी एवढा नाश व्हायला ते पुरेसे होते!

आता मघाचा कडा पुन्हा आठवा. ४० मोठी पाखरे. पंगतीला गेलेल्यांतली निम्मी मेली. ज्या कपारीत एकटा बाप उरला, तिथे काय होणार? तो अंड्यावर बसला तर उपाशी, चरायला गेला तर अंडे उघडे. त्या वर्षीचे पिल्लूही गेले. वर्षाला एक-दोनाने वाढणारा कडा एका दुपारी वीस पाखरे हरवतो. ते कधी भरून यायचे?

गिधाडे गेली, पण जनावरे मरायची थांबली नाहीत. माळावर मढी सडू लागली. त्यांवर कुत्री पोसली. भटकी कुत्री वाढली की पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचे भय वाढते. ते भय गावातल्या पोरांनाच जास्त. मुंबईत पारशी लोक आपली प्रेते दोखम्यात गिधाडांसाठी ठेवत आले. शेकडो वर्षांची त्यांची ती रीतही अडली.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बनवायला बंदी केली. तरी एक पळवाट राहिली. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या मिळत आणि त्या गुरांना टोचत. म्हणून २०१५ साली ठरले, की माणसांसाठीची सुईची बाटली ३ मिलिलिटरची, एका वेळेपुरतीच असावी. गुरांना जास्त लागते, तेव्हा छोट्या बाटल्या फोडत बसणे परवडू नये, हा हेतू. पुढे कळले, की याच जातीची आणखी काही औषधे गिधाडाला मारक आहेत. २०२३ साली केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवर, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर जनावरांपुरती बंदी आली.

मग बैल दुखण्याने कण्हत असला तर त्याला तसाच ठेवायचा का? मुळीच नाही. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध आहे. ते गुरांच्या दुखण्यावर आणि सुजेवर चालते, आणि गिधाडाला त्याने अपाय होत नाही, हे तपासून बघितले आहे. टोलफेनॅमिक अ‍ॅसिडही तसेच. तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना एवढेच विचारायचे, "साहेब, मेलॉक्सिकॅम चालंल का?" जनावर तुमचे आहे, पैसे तुमचे आहेत, विचारायला लाजू नका. नाव तोंडात बसत नसेल तर कागदावर लिहून खिशात ठेवा. आता लिहिता येतेच आहे! बाटलीवरचे नाव बहुधा इंग्रजीत असते. दुकानदाराला ते मोठ्याने वाचायला सांगा आणि मगच बाटली घ्या. पण डॉक्टरांवाचून कोणाकडूनही सुई टोचून घेऊ नका. माणसांची उरलेली सुई तर गुराला कधीच नको. आणि अशी सुई घेतलेले जनावर दोन-चार दिवसांत मेलेच, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

दुसरी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलतो. बिबट्याने गाय मारली की राग येतो. घरचे माणूस गेल्यासारखे होते. मग कोणी त्या गाईवर शेतातले कीटकनाशक टाकतो, बिबट्या परत येईल आणि मरेल म्हणून. बिबट्या येवो न येवो, गिधाडे आधी येतात. वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई मागता येते. विष टाकणे हा गुन्हाही आहे. गिधाडाला कायद्याने वाघाइतकेच संरक्षण दिले आहे.

काही ठिकाणी लोकांनी नवी वाट काढली आहे. नाशिक जिल्ह्यात हरसूल भागातल्या खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांसाठी खानावळच सुरू केली. कुंपण घातलेली जागा. औषधाचा दोष नाही अशी खात्री झालेले मेलेले जनावर तिथे नेऊन ठेवायचे. गावाबाहेरची घाणही गेली आणि पाखरांनाही निर्धास्त जेवण मिळाले. गडचिरोलीतही असे केले गेले.

हरियाणात पिंजोर येथे तर गिधाडे पाळून वाढवतात. मुंबईच्या त्याच संस्थेने आणि हरियाणाच्या वनखात्याने ते केंद्र उभारले. तिथे एक युक्ती करतात. पहिले अंडे हलकेच काढून यंत्रात उबवतात. मग जोडी काही दिवसांनी दुसरे अंडे घालते. असे वर्षाला एकाची दोन पिल्ले होतात. २०२४ साली पिंजोरची लांब चोचीची दहा गिधाडे गाडीतून महाराष्ट्रात पेंचच्या रानात आणली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून पावसाळ्यात त्यांना मोकळे सोडले. एवढा खटाटोप, एवढा खर्च, दहा पाखरांसाठी! रानातल्या कड्यावरचे अंडे मात्र फुकट वाढते. त्याला फक्त दिवाळी ते अखिती कोणी छेडू नये. त्या दिवसांत कड्याखाली वणवा नको, जवळ सुरुंग नको, फटाके नकोत. हल्ली हौशी मंडळी फोटोसाठी कड्यापर्यंत ड्रोन उडवतात. ते घोंगावणारे यंत्र बघून पाखरू दचकून उठते आणि अंडे उघडे पडते.

आम्ही निघालो तेव्हा ते म्हातारे बाबा वाटेपर्यंत पोचवायला आले. आता त्यांना दूरचे नीट दिसत नाही, म्हणून नातवाला सोबत घेतले होते. वाडीसमोरच्या कड्याकडे काठी करून म्हणाले, "औंदा दोन कपारी भरल्यात. पोरगा रोज बघून सांगतो. तिसरीत काड्या आणून टाकल्यात. पण अंडं घातलं का न्हाई, ते खालून काय दिसत न्हाई."